झाड बाजूला झालं, तरी टेम्पो थांबला

त्या दिवसांत देवीपुढे दिवा लावताना माझ्या मनात काहीच येत नसे. हात जोडले जायचे ते सवयीने. सासूबाईंची फुफ्फुसं आकसत चालली होती आणि घरी ऑक्सिजनचं मशीन लावून वर्ष उलटून गेलं होतं. त्यांचं अंग पुसणं, औषधं, पातळ खिचडी भरवणं, आणि मशीनची घरघर ऐकत अर्धवट झोपणं, एवढंच आयुष्य उरलं होतं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, पती सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर. एके काळी नवरात्रात न चुकता वणीच्या गडावर जाणारी मी, आता फोटोतल्या देवीकडे बघून मनात म्हणायची, तुला म्हणे सगळं दिसतं, मग माझी दमछाक तेवढी कशी दिसत नाही?

चक्रीवादळ येणार असं टीव्हीवर सांगत होते. "समुद्र राहिला कुठे आणि नाशिक कुठे," असं म्हणून पती सकाळच्या पाळीला गेले. दुपारी वारा सुटला तो ऐकवत नव्हता. समोरच्या शेडचे पत्रे उडाले. खिडक्यांच्या फटींतून पाणी आत यायला लागलं, ते अडवायला मी घरातल्या चादरी, पोती, जुन्या साड्या सगळं लावलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोठा आवाज झाला. गुलमोहर विजेच्या तारा घेऊन आडवा झाला होता. घरात मशीनची शिट्टी वाजली आणि घरघर थांबली.

अडीअडचणीसाठी ठेवलेला लहान सिलिंडर मी जोडला. तो संध्याकाळपर्यंत कसाबसा पुरणार होता. फोन कुणालाच लागत नव्हता, पतीही कारखान्यात अडकलेले. मी ओलीचिंब होऊन पाणी उपसत होते आणि मधूनमधून सिलिंडरचा काटा बघत होते. सासूबाई नळीतून श्वास घेत हळूच म्हणाल्या, "अगं, तू आधी कोरडी हो."

त्या एका वाक्याने माझा बांध फुटला. मी देवीच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिले. स्तोत्र आठवेना, नवस सुचेना. फक्त म्हणाले, "आई, आता माझ्यानं होत नाही. तुझं तू बघ." त्यात भक्ती किती होती आणि चिडचिड किती, हे आजही मला सांगता येणार नाही.

वारा जरा कमी झाला तोवर सिलिंडर संपत आला होता आणि सासूबाईंचे ओठ निळसर दिसायला लागले होते. रिक्षा तरी मिळते का बघायला मी बाहेर पडले. पडलेल्या झाडाच्या अलीकडे, आमच्याच गल्लीत, ताडपत्री बांधलेला एक टेम्पो उभा होता. आत एक नवरा-बायको बसले होते. मी काचेवर थाप मारून विनवलं, माझ्या सासूबाईंना दवाखान्यात पोचवा.

"कुठून नेऊ ताई? पुढं झाड पडलंय, मागं खांब पडलाय," तो म्हणाला. "काय झालंय त्यांना?"

मी रडत रडत सांगितलं की श्वासाचं मशीन आहे आणि लाईट नाही.

"लाईटच पायजे ना? मग जनरेटर हाय की मागं!"

ती दोघं लग्नात मंडप आणि लाईटिंग करणारी. सुरगाण्याकडचं एक लग्न वादळामुळे पुढे ढकललं गेलं होतं, म्हणून अर्ध्या वाटेवरून सामान घेऊन परत फिरली होती. मुख्य रस्ता तुंबलेला बघून आमच्या गल्लीत शिरली आणि अडकली. त्याने जनरेटर बाहेरच ठेवून खिडकीतून वायर आत घेतली. मशीन पुन्हा घरघरायला लागलं. सासूबाईंच्या ओठांचा रंग परतताना मी बघत उभी राहिले.

त्याची बायको आत आली. पदर खोचून तिने न सांगता फरशीवरचं पाणी काढलं, स्वयंपाकघर शोधून चहा केला. मग मला म्हणाली, "ताई, तुम्ही निजा जरा. म्हातारीपाशी मी बसते. माझी सासू बी अशीच व्हती." अनोळखी बाईच्या भरवशावर मी झोपले. कित्येक महिन्यांनी मशीन चालू होतं आणि मी ते ऐकत नव्हते.

सकाळी पती चालत घरी आले. महापालिकेच्या माणसांनी झाड कापून बाजूला केलं, खांबही ओढला. मी म्हटलं, आता हे निघणार. तर तो मोकळा डबा घेऊन डिझेल आणायला निघालेला. पती म्हणाले, "दादा, रस्ता मोकळा झालाय, तुम्हाला घरी जायचं असेल." तो म्हणाला, "रस्ता झाला वो, पण तुमची लाईट कुठं आली?" लाईट येईपर्यंत दोघं थांबली. आमच्याबरोबर पिठलं-भात जेवली आणि मगच गेली.

पुढचे दिवस सोपे नव्हते. नळाला पाणी नव्हतं, गाद्यांचा कुबट वास जाईना, भिंतींना ओल धरली. माझी कंबर धरली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तुमच्याकडे देवीच येऊन गेली. मलाही तसंच वाटायचं, म्हणून मी एकदा सासूबाईंना तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "देवी नको म्हणूस गं तिला. माणूसच राहू दे. तीही दमली होती बिचारी. बसल्या बसल्या डुलक्या घेत होती, पण माझा हात नाही सोडला."

सासूबाई त्यानंतर दिवाळी बघून गेल्या, शांतपणे, आम्ही दोघं जवळ असताना. त्या दिवशी काय घडलं याला लोक योगायोग म्हणतील, मी वाद घालत नाही. टेम्पो गल्लीत अडकला तो झाडामुळे. झाड हटल्यावरही तो थांबला, त्याला मात्र माझ्याकडे कृपा हाच एक शब्द आहे. देवीपुढे आता मी बरी असल्याचा आव आणत नाही. दमले असले तर दमले म्हणते, आणि तिथेच भिंतीला टेकून जरा वेळ बसते.