काशीनाथकाकांचा कंट्रोल

गावात काम केलं की अहवाल तयार होतात, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. माझ्याकडे अहवाल एकच आहे आणि आता तो वाचवत नाही. किस्से मात्र भाताच्या पेंढ्यांच्या उडवीसारखे साठत गेले. जमवायला मी एकदाही गेले नाही. कोणीतरी काहीतरी बोलायचं, बाकीचे हसायचे, मीही हसायचे. घरी आल्यावर कळायचं की यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मी जव्हारची. अकरावीपासून बाहेर, शेवटची पाच वर्षं दिल्लीत. परत आले ती एक सुंदर कल्पना घेऊन! पाड्यावरची पोरं मोबाईलवर कुणाशी बोलतात, कुणाला फोटो पाठवतात, याचा आईबापांना पत्ता नसतो. शहरातले आईबाप पोरांवर लक्ष ठेवायला 'पॅरेंटल कंट्रोल'चं ॲप टाकतात, मग आमच्याच लोकांनी का मागे राहायचं? खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर, अंगणवाडीच्या ओट्यावर, मी आठवड्याचा वर्ग सुरू केला. नाव ठेवलं 'जागरूक पालक'.

पहिल्याच दिवशी भिकीबाईने विचारलं, "जागरूक म्हंजे काय गं?"

"जागे राहणारे."

"मंग आमाला शिकवायला कशाला आलीस? आमी झोपतो कवा?"

* * *

पहिला नियम मी फळ्यावर लिहिला: मुलांना बंद खोलीत मोबाईल वापरू देऊ नका. हॉलमध्ये, सगळ्यांच्या समोर वापरू द्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, मुद्दा पोचला.

मग भिकीबाई म्हणाली, "ताई, आमच्यात बंद खोली एकच. कोंबड्यांची."

त्या रात्री मी वर्गासाठी आणलेल्या बारा स्लाइडांतल्या नऊ काढून टाकल्या. उरलेल्या तीन आधीच काढायला हव्या होत्या.

* * *

वर्गातले सगळ्यात हुशार विद्यार्थी काशीनाथकाका. वसईकडे इमारतींच्या कामावर वीस वर्षं काढलेली, त्यामुळे बोलण्यात हिंदी. सही करायचे, आकडे वाचायचे, अक्षरं मात्र वाचता येत नव्हती. एकही वर्ग चुकवला नाही. कुणी मध्येच उठलं की म्हणायचे, "बैठो, बैठो! ताई आपल्या पोरांसाठी एवढ्या लांबून आली."

त्यांची ललिता बारावी झालेली. पाड्यातली पहिली. तिला नर्स व्हायचं होतं. फॉर्म मीच भरला, तालुक्याला जाऊन, तीन तास साइट उघडायची वाट बघत. निवड झाली की मोबाईलवर मेसेज येणार आणि ठरलेल्या दिवसांत कागदपत्रं घेऊन कॉलेजला हजर व्हायचं. नाही झालं तर जागा दुसऱ्याला.

मोबाईल नंबरच्या रकान्याशी ललिता म्हणाली, "ताई, इथे तुमचा नंबर टाका ना."

मी म्हटलं, "अजिबात नाही." मग तिला दहा मिनिटं भाषण दिलं. तुमचं आयुष्य, तुमचा नंबर. मधला माणूस नको. मी आज आहे, उद्या नसेन. तुमच्या हक्काच्या गोष्टी तुमच्याच हातात आल्या पाहिजेत!

ललिताने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं ताई. पण माझा नंबर म्हंजे बाचा खिसा."

मी हसले. चांगलं वाक्य होतं. वहीत लिहूनही ठेवलं.

* * *

पाड्याच्या वर पाण्याची टाकी आहे. बांधल्यापासून तिच्यात पाणी आलेलं नाही, पण तिच्यावर रेंज येते. त्यामुळे सगळी पोरं संध्याकाळी टाकीवर.

मी मुलांचं लोकेशन बघायचं ॲप समजावत होते, तर भिकीबाई म्हणाली, "ते कशाला? मला शेतातून दिसतं. माझा पोरगा टाकीच्या खाली बसला तर गेम खेळतो. शिडीवर चढला तर पोरीशी बोलतो."

"शिडीवरच का?"

"व्हिडिओला तिथंच रेंज पुरते!"

मी अहवालात लिहिलं: 'समुदायाची पारंपरिक देखरेख पद्धत.' प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांना ते फार आवडलं. त्यांनी मेल करून विचारलं, ही पद्धत इतर गावांत नेता येईल का?

येईल की. प्रत्येक गावात एक टाकी बांधा आणि पाणी सोडू नका. हे मात्र मी लिहिलं नाही.

* * *

खालच्या पाड्यावर रेंज येते, तिथे एका घरी हट्टाने ॲप टाकून दिलं. फोन घरात एकच, त्यावर पोराचं नाव घातलं. आठवड्याने रिपोर्ट आला: तुमच्या मुलाने एकोणीस तास नाचाचे व्हिडिओ पाहिले.

मी गंभीर चेहरा करून त्याच्या आईला सांगायला गेले. ती म्हणाली, "पोरगा तर आश्रमशाळेत हाय. दिवाळीपासून घरी आला नाय."

आम्ही दोघींनी एकदमच पडवीकडे पाहिलं. तिथे तिचा सासरा फोन छातीशी धरून बसला होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "म्हाताऱ्याला लावायचा कंट्रोल मिळतो का गं?"

* * *

यानंतरचा किस्सा मी सांगायला लागले की लोक हसायच्या तयारीत असतात.

कमळीबाई दरवर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते. दहावीतल्या मुलीला आजीकडे ठेवते. मीच दोघींच्या फोनवर ॲप टाकलं. मुलगी जिथे असेल तिथे नकाशावर निळा ठिपका. कमळीबाई खुश! भट्टीवर सगळ्यांना दाखवायची, "ही बघा माझी पोर. आता शाळेत. आता टाकीवर."

एकदा तो ठिपका खोडाळ्याच्या बाजारात थांबला. दिवसभर थांबला. दुसऱ्या दिवशीही तिथेच. फोन लावला तर कुणी उचलेना. तिसऱ्या दिवशी कमळीबाई काम टाकून निघाली, तीन गाड्या बदलून पाड्यावर पोचली.

पोर अंगणात नागली पाखडत होती. पाड्याची वीज गेली होती, म्हणून फोन बाजारातल्या दुकानात चार्जिंगला ठेवला होता आणि आणायला जमलं नव्हतं.

कमळीबाईने पोरीला आधी मारलं, मग जवळ घेतलं, मग पुन्हा मारलं. परत जाताना माझ्याकडे आली. फोन पुढे केला.

"ठिपका काढून टाक ताई."

"का गं? काही वाईट तर झालं नाही!"

"आधी पोर देवाच्या भरवशावर होती, तर मला झोप लागायची. आता माझ्या भरवशावर हाय, आन् मी भिवंडीला."

मी ठिपका काढला. अहवालात तिची नोंद 'ॲप वापरणे बंद' या रकान्यात आहे.

* * *

ललिताचा फॉर्म भरला त्याच पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत मला बंगळूरला बोलावलं. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, शेवटी आपल्या कामावर बोलायचं. मी 'जागरूक पालक'वर बोलले. माझ्या एका स्लाइडवर काशीनाथकाकांचा फोटो होता, फोन डोळ्यांजवळ धरलेला. खाली लिहिलं होतं, 'बदल शक्य आहे.' टाळ्या पडल्या.

तिथून मी काकांना दोनदा फोन केला. लागला नाही. पावसात रेंज जाते, म्हणून सोडून दिलं. निवड झाली असेल तर मेसेज येईलच, ललिता बघेलच. साइटवर जाऊन मी स्वतः बघू शकत होते. पण त्यांच्या हक्काची गोष्ट त्यांच्याच हातात हवी ना!

परत आल्यावर खोडाळ्याला उतरून सरळ पाड्याकडे निघाले. ललिता शेतात होती. अंगावर प्लास्टिकचा कागद, हातात रोपांची जुडी, गुडघाभर चिखल. मला बघून बांधापर्यंत आली.

"ताई, माझा नंबर नाय लागला."

"कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणेल? मेसेजच नाय आला. बाला रोज विचारते. मोबाईल दे म्हटलं तर देत नाय, म्हणतो, कॉलेजचा फोन आला तर सांगीन." मग माझाच चेहरा बघून मला धीर देत म्हणाली, "जाऊ द्या. पुढच्या साली भरू."

आम्ही घरी गेलो. काका ओटीवर होते. मला बघून एवढे खुश झाले की आत चहा टाकायला ओरडले आणि शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात मोबाईल.

"ताई, तुझीच वाट बघत होतो. तू गेलीस आन् भानगड चालू झाली. मी टाकीवर गेलो की टिंग! वर तीच अक्षरं. दुसऱ्या दिवशी गेलो, टिंग! परत तीच. तू सांगितलेलं ना, वाचता येत नाय तर अक्षरांचं चित्र ध्यानात ठेवा, एकच चित्र परत परत आलं तर सावध व्हा? मी वळखलं. पोरगा हाय कोणतरी."

मी मोबाईल हातात घेतला.

"पोरीला एक शब्द बोललो नाय. तूच म्हणालीस, रागवायचं नाय, शांतीत लक्ष ठेवायचं. फक्त मोबाईल तिच्या हाताला लागू दिला नाय. लावणीला जाताना पण छातीशी. भिजू दिला नाय."

मेसेज सात होते. एकही उघडलेला नव्हता. पहिला: 'अभिनंदन. आपली निवड झाली आहे. मूळ कागदपत्रांसह हजर राहावे.' मधले आठवणीचे. सातवा: 'आज अंतिम दिवस. सायंकाळी पाचपर्यंत हजर न राहिल्यास जागा रद्द समजावी.'

ललिता पाय धुऊन दारात येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मोबाईलकडे.

"शेवटी शेवटी तर एका दिवसात दोन-दोन पाठवायचा," काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "पण मी पण काय कमी नाय! आता चार दिवस झाले, एक मेसेज नाय. दमला लेकाचा! बोल ताई, जमला का नाय कंट्रोल?"