नंदाबाईची परत आलेली भाकर

नंदाबाईच्या खानावळीत जेवायचं तर दोन पथ्यं पाळावी लागत. ताटात काही टाकायचं नाही, आणि मिठाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. एकदा कचेरीतल्या एका साहेबानं "भाजी जरा अळणी आहे" म्हटलं, तर बाईनं त्याच्यापुढचं ताट उचललं आणि त्याला हात धुवायला मोरी दाखवली. तोच साहेब पुढं बदली होईपर्यंत मुकाट्यानं तिथंच जेवला. न जेवून जातो कुठं? आर्णीपासून दारव्ह्यापर्यंतच्या रस्त्यावर तसा झुणका दुसरीकडं मिळत नव्हता. गावाचं नाव मात्र राहू द्या. ज्या ठाणेदाराची ही गोष्ट, त्याचे भाऊबंद अजून त्या बाजूला आहेत, आणि उगाच झेंगट कशाला.

नवरा गेल्यावर बाईनं बसस्टँडमागं चूल मांडली ती स्वतःच्या हिमतीवर. दीर म्हणाले, बाईमाणसानं परक्यांना जेवू घालणं बरं दिसत नाही. ही म्हणाली, "तुमी त परके नाई, तुमी घाला मले जेवू मंग." तेव्हापासून दीर त्या गल्लीनं जायचे बंद झाले.

ठाण्याच्या लॉकअपचा डबाही तिच्याकडूनच जायचा. ठाण्यात काही चूल नसते. आत घातलेल्या माणसाचं जेवण गावातल्या एखाद्या खानावळीनं पुरवायचं, ही जुनी पद्धत. घनश्याम हवालदार डबा न्यायचा आणि रिकामा आणून द्यायचा. लॉकअपमधल्या माणसाबद्दल नंदाबाईनं कधी चौकशी केली नव्हती. चोर असो की साव, भूक सारखीच लागते, एवढंच तिला ठाऊक.

त्या वर्षी कापसानं सगळ्यांचे हाल केले होते. खरेदी केंद्र उशिरा उघडलं, आणि उघडलं तसं दोन दिवसांआड बंद पडू लागलं. बैलगाड्यांची रांग पार बसस्टँडपर्यंत आली. गाडीवाले गाडीखालीच निजायचे आणि नंदाबाईकडं जेवायचे. एका दुपारी केंद्राच्या अधिकाऱ्यानं पुन्हा काटा बंद केला. आरडाओरडा झाला, कुणीतरी दगड भिरकावला आणि जीपची काच फुटली. दगड कुणाचा, ते कुणालाच दिसलं नाही. पोलिसांना मात्र दिसायची गरजच पडली नाही. रांगेत पुढं सेवादास उभा होता, आणि तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा होता. त्यांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढं उभं केलं, तक्रार आहे का विचारलं, तो नाही म्हणाला, आणि पोलीस कोठडी मिळाली.

तेव्हापासून डबा पूर्ण रिकामा परत येईना. भाजी संपलेली, वरण संपलेलं, भाकर मात्र जशीच्या तशी. पहिल्यांदा नंदाबाईनं दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा तिच्या कपाळावर आठी आली. तिसऱ्यांदा भाकर पाहून तिचं डोकंच फिरलं.

"घनश्याम, कोण हाय रे तो नवाब?"

"जाऊ दे न मावशी," घनश्याम खाली बघत म्हणाला.

"काहून जाऊ देऊ? माही भाकर आजवर वापस आली नाई."

तिनं ती भाकर फडक्यात बांधली, पदर खोचला आणि तडक ठाण्यात गेली. ठाणेदार बाहेर गेला होता. घनश्याम मागून "मावशी, थांब व" करत राहिला, पण बाई लॉकअपच्या गजापाशी पोचलीसुद्धा. आधी तिला वास आला. कोपऱ्यातली मोरी तुंबून घाण पाणी फरशीवर आलं होतं, प्यायच्या पाण्याचं भांडं कोरडं होतं, आणि सेवादास भिंतीला टेकून त्या ओलीतच बसला होता.

बाई रागात आली होती, तर रागातच बोलली. "काहून रे, घरी काय पंचपक्वान्नं खात होता का? माह्या भाकरीत काय खोट हाय?"

"भाकर चांगली हाय मावशी," तो हळूच म्हणाला. "मोडत नाई."

झालं. भाकर कडक आहे असं ऐकून घ्यायला ही आली होती का? "मोडत नाई? माही भाकर? दोन दिसाची शिळी दे कोणाच्या हातात, लोण्यावानी मोडते—" आणि तेवढ्यात त्यानं दोन्ही हात पुढं केले. बोटं सुजून काळीनिळी झाली होती. एकही बोट वाकत नव्हतं. भाजी-वरण तो भांड्याला तोंड लावून खात होता.

नंदाबाईनं तिथंच गजाशी बसून भाकर चुरली, घनश्यामकडून पाणी आणवलं आणि त्याला घास भरवले. तो रडत होता आणि खात होता. "बोलू नको कोठं," तो म्हणाला. "ठाणेदार म्हंते, तोंड उघडलं त बिजलीले बी आणतो इथं." बिजलीबाई म्हणजे त्याची बायको. त्याला धरल्यापासून ती ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसून होती.

बाईला स्वतःचीच लाज वाटली. इतके दिवस भाकरीचा अपमान तिला दिसला, माणसाचा दिसला नाही. बाहेर येऊन तिनं बिजलीबाईला हाताला धरून उठवलं आणि घरी नेलं.

संध्याकाळी ठाणेदाराचा निरोप आला, लॉकअपचा डबा उद्यापासून दुसरीकडून येईल. नंदाबाई म्हणाली, "येऊ दे." घनश्याम निरोप सांगून निघाला, आणि उंबऱ्यातून वळून म्हणाला, "मावशी, उद्या त्याले कोर्टात नेऊन राह्यले. कोठडी वाढवून मांगणार हायेत." ती वाढली असती, तर सेवादास त्या खोलीतून धड बाहेर आला नसता. हे त्या दोघांनाही कळत होतं.

कोर्टात नंदाबाई मागच्या बाकावर बसली, शेजारी बिजलीबाई. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?"

सेवादासनं ठाणेदाराकडं पाहिलं. "नाई."

"हाय," मागून आवाज आला. नंदाबाई उभी राहिली होती. शिपाई धावला, सरकारी वकील म्हणाले, ही बाई कोण.

"लॉकअपचा डबा माह्या घरून जाते, मॅडम. काढाचं त बाहेर काढा मले. पण आधी त्याले एवढी भाकर मोडाले सांगा." तिनं फडकं सोडलं. भाकर सकाळचीच होती, मऊसूत.

मॅडम म्हणाल्या, "द्या त्याच्याकडे."

सेवादासनं दोन्ही तळव्यांत भाकर धरली. दाबून पाहिली, पोटाशी धरून पाहिली. बोटं वळेनात. भाकर निसटून फरशीवर पडली, अख्खीच.

ठाणेदार काही बोलणार, तर मॅडमनी हातानंच थांबवलं. "मी पुन्हा विचारते."

सेवादासनं वर पाहिलं. मागं नंदाबाईच्या शेजारी बिजलीबाई उभी होती. डोक्यावरची ओढणी मागं सारून, ठाणेदाराला आपलं तोंड नीट दिसेल अशी. मला आण म्हणावं, बघते, असं त्या उभं राहण्यात सगळं होतं.

"हाय," सेवादास म्हणाला. "तक्रार हाय." आणि मग त्यानं सगळं सांगितलं. कुणी धरलं, कशानं मारलं, पाणी कसं मागितलं आणि काय मिळालं. मॅडम स्वतः लिहून घेत होत्या.

कोठडी वाढली नाही. त्याला तिथूनच सरकारी दवाखान्यात तपासायला पाठवलं, आणि पुढं जामीन झाला. चौकशी लागली, ठाणेदार निलंबित झाला. वरचे साहेब बघायला येणार म्हटल्यावर लॉकअपची मोरी उपसली, भिंतींना चुना लागला आणि नवा माठ आला. नंदाबाई मुद्दाम जाऊन त्या माठातलं पाणी पिऊन आली. तिचा डबाही परत सुरू झाला. नव्या ठाणेदारानं स्वतः येऊन सांगितलं, तेव्हा बाईनं आधी त्याला जेवायला बसवलं आणि ताट रिकामं झाल्यावरच हो म्हणाली.

पुढच्या हंगामात बैलगाड्यांची रांग पुन्हा लागली. काचेचा खटला तोवर पुराव्याअभावी निकालात निघाला होता. भर गर्दीच्या वेळी सेवादास पंगतीत येऊन बसला. एक बोट अजून जरा वाकडं होतं. नंदाबाईनं तव्यावरची भाकर थेट त्याच्या ताटात टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. त्यानं दोन्ही हातांनी ती मोडली. वाफ निघाली. तो झुणक्याशी घास खाऊ लागला आणि बाईला एकदम हुंदका आला, तो तिनं पदरात दाबला.

तेवढ्यात सेवादास म्हणाला, "याडी, मीठ कमी हाय."

तांड्यावर आईला याडी म्हणतात. सगळी पंगत घास हातात धरून थांबली. आता ताट उचललं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नंदाबाई आत गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली.