पायरीवरचा पाय

आपल्या गावावर आणि गावाच्या एसटीवर माझ्या आत्याच्या दिरांइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा नसेल. सगळे त्यांना आबा म्हणत. गाव लोणावळ्याहून आडबाजूला, डोंगराच्या उतारावर. तिथून खाली जुना हायवे दिसतो, नवा दिसतो, पुण्याकडे पळणारी आगगाडीही दिसते. आबा हे सगळं पाहुण्याला मालकाच्या थाटात दाखवत आणि शेवटी म्हणत, "आमच्या गावातनं समदं दिसतं, पर गावासाठी थांबती ती यष्टीच."

गावाची लोकसंख्या विचारावी तीही त्यांनाच. सरकारी शिरगणतीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ज्यानं एसटीची वाट पाहिली तो गावचा, हा त्यांचा नियम. त्यामुळे लग्न होऊन सोमाटण्याला गेलेल्या लेकी त्यांनी कधी वजा केल्या नाहीत आणि डोंगर पोखरून बंगले बांधणाऱ्या शनिवार-रविवारच्या मंडळींना कधी जमेस धरलं नाही. "त्यांनी कवा गाडीची वाट बगितली?" असं विचारून ते विषय संपवत. मी पडलो लोणावळ्याचा. पण एकदा भुशी धरणाकडच्या पर्यटकांच्या गर्दीत गाडी अडकली आणि मी आबांबरोबर दिवेलागणीपर्यंत ताटकळलो. "आता तू बी धरला," ते म्हणाले. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

माणसं नाहीत म्हणून गाडी बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली आणि आबा रोज सकाळी तीत बसून लोणावळ्याला येऊ लागले. स्टँडवर चहा घ्यायचा आणि त्याच गाडीनं परत. आत्या चिडवायची, "भावजी, तितं काम काय तुमचं?" आबा म्हणत, "गाडीला मानूस नगं?" नुसतं स्वतः बसून त्यांचं भागत नसे. लांबून कुणी येताना दिसलं, की ते एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून खिशात काहीतरी शोधत उभे राहत. मग कंडक्टर बाई बेल कशी मारणार? एकदा तर त्यांनी गाडी थोपवली ती शेणाची पाटी घेऊन उकिरड्याकडे निघालेल्या शेजारणीसाठी. तिला इतका संकोच वाटला, की पाटी तिथंच ठेवून, हात धुऊन ती लोणावळ्याला जाऊन बांगड्या भरून आली. कंडक्टर बाई कावून म्हणायच्या, "आबा, पाय वर तरी घ्या, न्हाईतर खाली तरी!"

पुढे आबांची नजर अधू झाली आणि मुलानं त्यांना चिंचवडला न्यायचं ठरवलं. आबा धास्तावले. आपण उठलो की गावातलं एक माणूस कमी आणि गाडीतलंही, मग कसली गाडी आणि कसलं गाव, एवढंच ते बोलत. मुलानं मोटार आणली होती, पण तीत त्यांनी फक्त सामान जाऊ दिलं. स्वतः एसटीनंच निघाले. सोबतीला मी होतो. त्यांनी सवयीनं एक पाय पायरीवर ठेवला आणि तसेच थांबले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"आबा, कुनी यायचंय का?" कंडक्टर बाईंनी विचारलं.

"न्हाई गं पोरी. मीच यायचा ऱ्हायलोय."

बाईंनी दोरीवरचा हात काढला आणि त्या सीटवर बसून राहिल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. त्या दिवशी पाय वर घ्या असं त्यांना कुणीच म्हणालं नाही, आणि मला तर त्यांच्याकडे बघवेना.

आता रोज सकाळी चिंचवडहून आत्याला फोन येतो. "गाडी आली का?"

"आली की," आत्या खिडकीजवळच्या सीटवरून सांगते.

"मानसं हायेत का?"

"तुमाला धरून लय हायेत, भावजी," असं म्हणून ती फोन पदराआड धरते, म्हणजे डबल बेल त्यांना ऐकू जाऊ नये. लोणावळ्यात तिचं काहीएक काम नसतं.