मेटाडोरची सांधणी

मेटाडोर माझी नव्हे, बाईची. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. भाऊजींनी ती गाडी घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. मागच्या भागात त्यांनी स्वतःच्या हातानं दोघांपुरती फळीची खाट केली, स्टोव्हसाठी पत्र्याचं कपाट केलं आणि साड्यांच्या घड्या ठेवायला कप्पे ठोकले. लग्नानंतरही बाई आमच्याच घरी राहिली; दोघंही आमच्या वडिलोपार्जित हातमागावर विणायचे आणि महिन्यातले आठ-दहा दिवस गाडी घेऊन बाजार करत फिरायचे. खापा, उमरेड, भिवापूर. मुक्काम गाडीतच. हल्लीची पोरं अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. भाऊजी तिला नुसतं 'दुकान' म्हणायचे.

भाऊजी गेले त्याला सहा वर्षं झाली. गाडी अंगणात उभी राहिली, एका पावसाळ्यात इंजिनात पाणी शिरलं आणि ते कायमचं जाम झालं. मागही भाऊजी गेले त्याच आठवड्यापासून बंद. विणकराच्या घरी माग कधी रिकामा करत नाहीत. शेवटची साडी कापून काढली तरी जुन्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, वीतभर तुकडा फणीत ओवलेलाच ठेवतात. पुढे नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडायचा आणि ओढून घ्यायचा. याला आम्ही सांधणी म्हणतो. बाईच्या मागावर ती जुनी टोकं सहा वर्षं तशीच लोंबत होती, धूळ खात.

"विण ना वं," मी अधूनमधून म्हणायचो.

"विनून काय करू? नेऊ कशात?" ती म्हणायची. दुकानदाराला माल घालणं तिला कधी जमलंच नाही. साडी नेसणारी बाई समोर दिसली पाहिजे, हा तिचा हट्ट.

गेल्या दिवाळीत फराळाचं ताट पुढे सरकवत ती म्हणाली, "गाडी भंगारात देऊन टाक. अन् गाडी गेली का मागही काढून टाक. लाकूड तेवढं कामात येईन."

मी हातातला लाडू ताटात परत ठेवला. त्या मागाच्या खटखटीत मी लहानाचा मोठा झालो. विणकाम सोडून सरकारी नोकरीत शिरणारा घरातला पहिला मीच, त्यामुळे माग मोडायचा म्हटलं की मला जरा जास्तच लागतं. मी बोलून गेलो, "भंगारात नाही द्यायची. मी नवं इंजिन बसवतो."

"कोनाच्या हातानं?"

"माझ्या."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. या हातांनी चौतीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढले होते, पेन्सिलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. पण ती हसली नाही. म्हणाली, "भिवापूरची मिरची निघते तवापर्यंत पाहातो. जानेवारीत मले त्या गाडीत बसवून भिवापूरले नेलं तं ठीक. नाही तं दोन्ही भंगारात."

स्वतःच्या हातानं काहून, असं मला पुष्कळांनी विचारलं. खरं कारण माझा स्वभाव. आधी मी दोन गॅरेजात विचारून आलो होतो. पहिला नुसता हसला. दुसरा म्हणाला, "काका, म्युझियमले देऊन टाका." मी तिथून जो निघालो तो रागानं दोन चौक पायीच चालत गेलो आणि मग आठवलं की स्कूटर गॅरेजसमोरच राहिली. घरी बायकोला बेत सांगितला. ती म्हणाली, "आधी आपला मिक्सर दुरुस्त करा."

इंजिन मिळालं एका कबाड्याकडे. अपघातात चेपलेल्या पिकअपचं, अगदी अलीकडचं डिझेल इंजिन, त्याच्या छोट्या कॉम्प्युटरच्या डबीसकट. फक्त कबाड्याच्या माणसानं वायरींचे प्लग उघडायचे सोडून अख्खा जुडगा करवतीनं मधोमध कापला होता. मी दोन्ही अर्धे घेऊन आलो. इंजिन बदलायची आरटीओची परवानगी कशी काढली, ते पुराण इथे लावत नाही. वाचणाऱ्यानं माझं काही वाकडं केलेलं नाही.

जुनं इंजिन दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली होतं. मागाच्या खोलीसमोरच्या पडवीला मजबूत आडवी तुळई आहे, तिला चेनपुली टांगली आणि तीन दिवस बोल्टांना शिव्या देत ते बाहेर काढलं. ते अंगणात ठेवलं तेव्हा बाई आतून एक जुनं लुगडं घेऊन आली आणि तिनं ते त्यावर पांघरलं. 

नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला बसत नव्हतं. दोघांच्या बोल्टांची भोकं वेगळ्या जागी. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट हवी होती. इथे मात्र माझी नोकरी कामी आली. दोन्ही तोंडांना तेल फासलं, बटर पेपर दाबून भोकांचे ठसे घेतले आणि टेबलावर बसून असा नकाशा काढला, की लेथवाला मिस्त्री चष्मा वर करून म्हणाला, "साहेब, हे ड्रॉइंग कोनं काढलं? आमच्याकडे लोक चपलीच्या खोक्यावर काढून आनतात." प्लेट पहिल्या फटक्यात बसली. मी आठवडाभर ताठ मानेनं फिरत होतो. माझ्यासारख्या माणसाची कोणी स्तुती करू नये, पुढचं काम बिघडतं.

डिसेंबरच्या मध्याला इंजिन जागेवर बसलं. उरल्या फक्त वायरी. कापलेल्या जुडग्याच्या इकडच्या अर्ध्याला चौसष्ट टोकं, तिकडच्यालाही चौसष्ट. आकडा जुळलेला पाहून मला काय वाटावं? सांधणी! मी बाईला हाक मारली. पाट मांडला, दोन्ही जुडगे समोरासमोर सपाट पसरले, वायरी सरळ राहाव्यात म्हणून अडगळीतली एक सुटी फणी लावली. बाई मांडी घालून बसली. पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी. ती पीळ घालायची, मी कथलाचा डाग द्यायचो. वयानं तिच्या डोळ्यांना रंग धुरकट दिसतात, पण बोटं विशीतली. सहा वर्षांनी ती कशासमोर तरी अशी बसली होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. मला इतकं बरं वाटत होतं, की खरं सांगायचं तर वायरींकडे माझं अर्धंच लक्ष होतं.

मध्येच ती थांबली. "अन् रंग? रंग नाही पाहाचे काय गा?"

"सगळे तेलानं काळे झालेत. क्रम बरोबर असला की झालं. तूच शिकवलं ना?"

"ते तं ताण्याचं होय," ती म्हणाली. पण मी ठाम होतो, म्हणून पुढची वायर घेतली.

दोन दिवसांनी मी चावी फिरवली. हॉर्न वाजला. थांबेचना. हॉर्नचं बटण दाबलं तर वायपर हलायला लागले. वायपरच्या बटणाला हात लावायच्या आत डॅशखालून जळका वास आला. मी उडी मारून बॅटरी सुटी केली आणि मग, आजही लिहिताना लाज वाटते, बाईवर ओरडलो. "ही मागाची अक्कल इथे चालत नाही! कॉम्प्युटर जळला असेल तर गेलंच सगळं!"

ती पाटावरून उठली, पदराला हात पुसले आणि आत गेली.

चार दिवस ती पडवीत आली नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. ताण्याचे धागे बांधलेले असतात, म्हणून त्यांचा क्रम मोडत नाही. करवतीनं कापलेल्या वायरी मोकळ्या. त्या पोत्यात कोंबल्या, उलट्यासुलट्या झाल्या, त्यांचा कसला क्रम? हे कुठल्याही पोरसवदा मेकॅनिकला कळलं असतं. विणकराच्या पोरालाच कळलं नाही. पण कळणं आणि जाऊन सांगणं यांत माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं.

पाचव्या दिवशी पान्हा शोधायला मी मागाच्या खोलीत गेलो. मागाच्या दोऱ्या सोडून नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. पायानं दाबायच्या पावड्या काढून भिंतीला टेकवल्या होत्या. फणीतली जुनी टोकं तेवढी अजून कापलेली नव्हती, पण कात्री बैठकीवर होती. पान्ह्याचं विसरून मी बाहेर आलो. बाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, तिच्यासमोर जाऊन फतकल मारली.

"बाई, चूक माझी आहे. तू रंगाचं म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही, आणि वर तुलाच बोललो."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. मेथीची दोन देठं मोडली. "मंग चार दिवस काय करून राहिला होता?"

"लाजून राहिलो होतो."

तेव्हा ती हसली, आणि मला इतकं मोकळं वाटलं की मीही मेथी निवडायला बसलो. त्या भाजीत म्हणे फार देठं आली.

नशीब असं, की जळाला होता तो फक्त फ्यूज. कॉम्प्युटरची डबी धड होती. आम्ही चौसष्टच्या चौसष्ट गाठी सोडल्या. मोबाइलवर त्या इंजिनाच्या वायरींचा नकाशा सापडला. नकाशा म्हटल्यावर मी पुन्हा माणसात आलो. मी एका टोकाला प्लगच्या एकेका खुंटीला बॅटरी लावायचो. दुसऱ्या टोकाला बाई हातात छोटा बल्ब घेऊन कापलेल्या वायरी एकेक तपासायची. रंग दिसत नसले तरी दिवा तिला दिसत होता. "लागला!" ती ओरडायची. मी नकाशावर टिंब द्यायचो. दोन्हीकडची जोडी सापडली की तिथल्या तिथे ती पीळ घालायची. पाच दिवस आमच्या पडवीतून "नाही... नाही... लागला!" असं ऐकू येत होतं, आणि शेजारीण बायकोला विचारून गेली की हे दोघं कोणता खेळ खेळतात.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी चावी फिरवली. एकदा नुसतं गुरगुरलं. दुसऱ्यांदा लागलं.

बाई डाव्या सीटवर बसली होती. तिनं वाट पाहिली आणि म्हणाली, "बंद पडली काय?"

"चालू आहे वं. नव्या इंजिनाला आवाज कमी असतो."

तिनं झाकणावर हात ठेवला. थरथर लागली असावी. ती बराच वेळ हात तसाच ठेवून बसली.

दोन दिवसांनी आम्ही भिवापूरला निघालो. उमरेड रोडला लागलो तेव्हा धुकं होतं. पूर्वी अशा थंडीत ती इंजिनाच्या झाकणावर पाय ठेवून बसायची, तो तिचा शेगडीचा हक्क होता. आताही ठेवले. थोड्या वेळानं म्हणाली, "हे तं तापतच नाही. पाय गार पडून राहिले माये." आवाज आणि उष्णता अडवायला झाकणाला आतून जाड नमदा मी मोठ्या हौसेनं लावला होता. उमरेडला चहाला थांबलो, तेव्हा तिच्या बाजूचा नमदा कापून काढला. सुधारणा अशाही असतात. पुढचा रस्ता पाय शेकत तिनं मला भाऊजी कुठे कुठे रस्ता चुकले होते ते सगळं दाखवलं, आणि प्रत्येक ठिकाणी हसली.

भिवापूरच्या एका मोकळ्या मैदानात मिरची पसरली होती, लालभडक, आणि बायका बसून निवडत होत्या. मी गाडी कडेला उभी केली. शिंका देत आम्ही खाली उतरतो तोच एक म्हातारी निवडणं सोडून उठली, डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि ओरडली, "अवं, साडीवाली आली! काहून वं, इतके साल कुठं होती?"

बघता बघता सात-आठ जणी जमल्या. एकीनं सरळ मागचं दार उघडून कप्प्यांत डोकावलं. कप्पे रिकामे. "साड्या कुठं हायेत?"

बाई गोंधळली. मी तिला कधी गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "आनतो ना. पुढच्या खेपेले आनतो."

आम्ही परत निघालो. शहर लागलं, तेव्हा सहज सांगावं तसं म्हणाली, "गांधीबागेत थांब गा. सूत घ्याचं हाय."

मी ब्रेक जरा जोरातच दाबला असावा, कारण मागचा माणूस हॉर्न वाजवत शिव्या देऊन गेला. आज मला कोणाचाच राग येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मागाच्या दोऱ्या आम्ही दोघांनी मिळून पुन्हा बांधल्या. सूत उकलून ताणा तयार व्हायला पुढे आठवडा गेला. मग बाई फणीसमोर बसली आणि मी पलीकडे, धागे हातात द्यायला. लहानपणी बसायचो तसा. फणीतली सहा वर्षांपूर्वीची टोकं मोरपंखी, भाऊजींनी निवडलेल्या रंगाची. नवा ताणा तिनं आणला होता मिरचीसारखा लाल. पोळल्या माणसाच्या सावधपणानं मी हात आखडला.

"बाई, रंग जुळत नाही वं."

"इथं रंग नाही पाहात," ती म्हणाली. "इथं क्रमच चालते. दे पहिला."

मी पहिला धागा दिला. तिनं पीळ घातला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.