धाकट्याचा आकडा

ताईला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, असं कोणी म्हणणार नाही. चष्म्याच्या दुकानात बसून ती दिवसभर काचा घासते, शेजारणीकडे नवा फ्रिज आला तर आपणहून जाऊन कौतुक करून येते. धाकट्या भावाचं नाव निघालं की मात्र तिचा नुसता जळफळाट होतो, आणि तो लपवायची कला काही तिच्याकडे नाही.

त्याला कारणही तसंच आहे. बाबांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला आणि म्हातारपणी नजर गेली. तेव्हापासून त्यांची औषधं, आंघोळ, नखं, कुरकुर सगळं ताईच्या वाट्याला. परगावचा धाकटा रविवारी फोन करतो आणि बाबांना एक आकडा देतो. झालं! तेवढ्यावर म्हातारा आठवडाभर खूश. ताईच्या भाजीत मात्र रोज मीठ कमी.

त्या रविवारचा आकडा होता सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

"बाबा, ही मूळ संख्या. कशानंही तुटत नाही," धाकटा सांगत होता. "आता शेवटचा अंक उडवा. उरते तीही मूळ. पुन्हा उडवा, तीही. अगदी सात उरेपर्यंत! आणि अशी याहून मोठी संख्याच नाही."

बाबा खुदकन हसले. ते हसू ताईला झोंबलं.

तपासायचं काम अर्थातच तिच्या गळ्यात पडलं. दोघं सातापासून वर चढत निघाले. संध्याकाळी बाबा भाजक सांगायचे, ती कॅल्क्युलेटर दाबून म्हणायची, "नाही जात." त्र्याहत्तर झाला, सातशे एकोणचाळीस झाला. सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्क्याण्णवपाशी बाबा म्हणाले, "काय डोकं आहे गं धाकट्याचं!"

आकडा त्यानं कुठंतरी वाचलेला. ताईचं डोकंच फिरलं.

"चारशे सत्तावन्ननं जातोय," ती म्हणाली. "तुटला तुमचा आकडा."

"बरं," बाबा म्हणाले. पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी कॅल्क्युलेटरचं नाव काढलं नाही. ताईला वाटलं होतं, आता जिवाला गार वाटेल. तसं काही वाटलं नाही.

रविवारी धाकट्यानं विचारलं, "तपासलात का?"

"ताई तपासतेय. अजून तरी कुठे तुटला नाही," बाबा म्हणाले.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची चूकसुद्धा पोटात घालायची! फोन ठेवल्याबरोबर ती कडाडली, "त्याचं चुकलं, हे सांगायला जीभ रेटली नाही ना तुमची?"

"चारशे सत्तावन्ननं भागलं की चारशे बावीस उरतात," बाबा म्हणाले. "त्याच संध्याकाळी तोंडी करून पाहिलं मी."

ताईचा चेहरा उतरला. "मग मी खोटं बोलले, हे का नाही सांगितलंत त्याला?"

"त्याला काय करायचंय? तो रविवारी पाच मिनिटं गोड बोलणार. माझ्याशी खोटं बोलायला तरी रोज जवळ कोण बसतं, तुझ्याशिवाय?"

ताईनं पदरानं डोळे पुसले.

"पण हसता मात्र त्याच्याशीच," ती म्हणाली.