गच्चीवरची दोरी

लातूरची आमची ती तीन मजली इमारत म्हणजे आयांचं होस्टेलच होतं. मुलं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी क्लासला जायची आणि मुखेड, हदगाव, नांदेड अशा कुठून कुठून आलेल्या आम्ही बाया एकेका खोलीत संसार मांडून त्यांना गरम पोळ्या वाढायचो. नवरे आपापल्या गावी. इमारत भूकंपानंतरची आहे, हे घरमालक येता-जाता पिलरवर थाप मारून सांगायचा.

तिथं एक नियम होता. कुणी घालून दिलेला नव्हता, पण सगळ्या पाळायच्या. पेपर संपेपर्यंत वाईट बातमी मुलांच्या कानावर जाऊ द्यायची नाही. गावाकडं आजोबा वारले तरी पोराला सांगायचं ते परीक्षा झाल्यावर. आईला रडू आलंच तर तिनं गच्चीवर जायचं, रडून घ्यायचं, तोंड धुवायचं आणि खाली येऊन कुकर लावायचा. आईचा चेहरा पाहून मुलांना कळतं, म्हणून एवढी खबरदारी. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटायचा.

त्यामुळं माझं स्तनाचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलीला एवढंच सांगितलं की गाठ होती, काढली. गाठीबरोबर काय गेलं ते नाही सांगितलं. केमोची गरज पडली नाही, केस शाबूत राहिले, म्हणून ते खपूनही गेलं. डावा हात मात्र खांद्याच्या वर जाईना. टाके ओढले जातील या भीतीनं मी तो छातीशी धरूनच वावरायची.

समोरच्या खोलीत नांदेडच्या भाभी राहायच्या. नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान, मुलगी आमच्या मुलीच्याच क्लासला. एकदा मी गच्चीवर एका हातानं कपडे वाळत घालत होते, तर त्या बघतच उभ्या राहिल्या.

"ताई, हात कामून असा धरून राहिलात?"

"लचकलाय."

"लचकला न्हाई. माझा बी असाच व्हता."

त्यांचं तेच ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालेलं. त्यांनी आपला हात उचलून दाखवला. तो खांद्यापाशी येऊन थांबला. "मला सांगणारं कुणीच नव्हतं. दुखतंय म्हणून धरून बसले, अन् आखडला तो आखडलाच. माझ्या वाटचा बी तुमीच वर करा आता."

दुसऱ्या दिवशी पाहते तर गच्चीवरची दोरी छातीच्या उंचीवर बांधलेली. अधूनमधून भाभी स्टुलावर चढून चांगल्या हातानं ती थोडी वर बांधायच्या, आणि मला ओले कपडे दोन्ही हातांनी टाकायला लावायच्या. मी कळवळायची, चिडायची. "जीव घेता का माझा?" असं एकदा ओरडलेही. त्या शांतपणे म्हणाल्या, "रडा की. गच्ची त्याच्यासाठीच हाय. पन हात वर."

ब्लाऊजमध्ये घालायला त्यांनीच मला कापडाची गादी शिवून दिली. नुसता कापूस हलका पडतो, ब्लाऊज वर चढतो, म्हणून आत थोडी बाजरी भरली. ती गादी धुऊन उन्हात टाकली आणि चिमण्यांनी टोचून फोडली. त्या उडून जाणाऱ्या चिमण्यांकडं बघून आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

निकाल लागला. त्यांच्या मुलीचं काम झालं, माझ्या मुलीचं थोडक्यात हुकलं. भाभींनी खोली सोडली. आम्ही आणखी एका वर्षासाठी तिथंच राहिलो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "हात कुठवर आला?" आणि दुसरा, "पेपर कवा हाय?" परीक्षा जवळ आली तशी त्यांची मुलगीच फोन उचलू लागली. अम्मी हैदराबादला खालाकडं गेलीय, म्हणाली. मला थोडा रागच आला. बाईला बहिणीकडं जाऊन आमचा विसर पडला, असं वाटलं.

पेपर झाला त्या संध्याकाळी मी फोन लावला. पुन्हा त्यांच्या मुलीनंच उचलला. म्हणाली, "मावशी, अम्मी गेली." दुखणं उलटलं होतं. हैदराबादला नेलं होतं ते दवाखान्यात. "तुमाला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातली व्हती अम्मीनं. पेपर झाल्यावरच सांग म्हणाली. ताईचं तोंड बघून पोरीला कळंल, म्हणाली."

आमचाच नियम. मीच कौतुक केलेला. त्यांनी तो माझ्यावर इतका नीट पाळला की मला त्यांच्या उशाशी बसायला मिळालं नाही. त्या दुखण्यातलं त्यांना जे बोलायचं असेल ते न सांगता कळणारी, त्यांच्या ओळखीत मी एकटीच होते. पहिल्या खेपेला त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी होते, आणि तरी कुणी नव्हतं. एका पेपरासाठी. त्यात मुलीला किती गुण पडले, ते आज मला आठवतही नाही. ही हळहळ माझी जात नाही.

माझी मुलगी खोलीत बेफिकीर झोपली होती. पेपर संपला होता, आता तिच्यासमोर रडायला हरकत नव्हती. तरी सवयीनं मी गच्चीवरच गेले. दोरी भाभींनी शेवटची बांधली होती तिथंच होती, डोक्याच्याही वर. मी डावा हात उचलला. तो सरळ वर गेला, दोरीला लागला. मी दोरी घट्ट धरली आणि रडत राहिले, पण हात खाली घेतला नाही.