लबन्याचा नैवेद्य

यंदा गणपतीच्या आधीच माझ्या लेकीने जाहीर करून टाकलं, "धिस इयर आय विल मेक बाप्पाज नैवेद्य." वय वर्षं आठ. गॅसला हात लावायचा नाही हा माझा कायदा, म्हणून तिने स्वतःच तोड काढली: मारी बिस्किटं आणि श्रीखंड, एकावर एक थर, आणि वरून पिस्ते.

सासूबाई पुण्याहून आखातातल्या आमच्या सिलिकॉन ओएसिसच्या फ्लॅटवर आल्या होत्या. "बिस्किटांचा नैवेद्य? नवीनच ऐकतेय बाई!" त्या म्हणाल्या. झालं, मला चेव आला. आता दाखवीन तर हाच.

आदल्या दिवसापर्यंत ऑफिस होतं, दही टांगायला वेळ कुठला? खालच्या सुपरमार्केटातून लबने आणलं. अरबी लोक पावाला लावून खातात ते घट्ट दही. दिसायला अगदी चक्का. डब्यावर काय लिहिलंय ते बघतंय कोण! लेकीने त्यात पिठीसाखर, वेलची, केशर घोटलं. बिस्किटं दुधात बुडवून ती ट्रेमध्ये लावत होती आणि मी मागून, "जास्त भिजवू नकोस गं, लगदा होईल." मध्येच तिने पातेल्यात बोट घातलं. मी चापटी मारली. "नैवेद्य कुणी चाखतं का? उष्टं होतं ते!" तिने बोट फ्रॉकला पुसलं.

दुपारी आरती झाली, नैवेद्य दाखवला, शेजाऱ्यांना वाट्या दिल्या. सगळ्यांनी पहिला घास घेतला. गोडाच्या आडून चक्क खारट! शेजारीण हळूच म्हणाली, "लबने वापरलंत का? अहो, त्यात मीठ असतं." सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. लेकीने एक चमचा खाल्ला आणि बाथरूमचं दार लावून घेतलं.

आतून रडत म्हणाली, "मम्मा, बाप्पा एट दॅट."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! तिने ते बोट चाटलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी दाराला तोंड लावून म्हटलं, "चूक माझी आहे, तुझी नाही. विसर्जन उद्या संध्याकाळी आहे. अजून एक नैवेद्य बाकी आहे. यल्ला, चल, बाहेर ये."

आली. आम्ही साधं दही आणलं, डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचून. धुतलेल्या पंच्यात बांधून फ्रिजमध्ये टांगलं. सकाळी फक्कड चक्का तयार. पुन्हा साखर, पुन्हा वेलची, पुन्हा केशर. थर लावायच्या आधी मी चमचाभर वेगळं काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "चाख."

तिने ओठ घट्ट मिटले. "नो. बाप्पा फर्स्ट."

माझेच शब्द ते. कालची चापटीही माझीच. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. बघू देत. मी चमचा सरळ माझ्या तोंडात घातला.

"गोड आहे," मी म्हटलं. लेकीचा विश्वास बसेना. ती आजीकडे बघायला लागली.

सासूबाई आत आल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला. "मला दे बघू जरासं," त्या म्हणाल्या.